माती, मॅट आणि फाशांची कुस्ती



गेल्या दिवाळीत पुतण्या बेंगळुरूहून आला तो चार मित्रांना घेऊनच. मच्छेजवळच्या व्हीटीयूत एम.टेक. करताना जमलेली ही टोळी, आता सगळे तिकडं नोकरीला. जेवणं झाली, फराळाचं ताट फिरलं आणि पोरं माडीवर गेली. मला वाटलं पत्ते मांडले असतील. रात्री साडेबारा वाजले तरी आवाज थांबेना, म्हणून वर गेलो. सतरंजीवर चौकोनांचा नकाशा, त्यावर बोटभर उंचीच्या बाहुल्या, वीस बाजूंचे फासे, दोन जाडजूड पुस्तकं. आणि दोघं पोरं एकमेकांच्या अंगावर धावून जायच्या बेतात.

"काय करूलास रे एवढ्या रात्री?" मी पुतण्याला विचारलं.

"काका, कुस्तीवरून भांडण लागलंय."

आता कुस्ती म्हटल्यावर मी खाली कशाला जातोय! बसलो तिथंच भिंतीला टेकून.

खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी काढलेला. एकजण सूत्रधार होतो, बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. सूत्रधार सांगतो, समोर पूल आहे, पुलावर राक्षस उभा आहे. आपण सांगायचं, माझा गडी आता हे करतो. जमलं की नाही ते फासा ठरवतो. आपल्या भाषेत सांगायचं तर सोंगी भजन आणि सारीपाट यांचं लग्न लावून दिलंय.

भांडण असं होतं. एका पोराच्या गड्यानं राक्षसाला कवळा घातला. आता धरला की सुटला, हे ठरवायचं कुठल्या पुस्तकाप्रमाणे? कारण पन्नास वर्षांत या खेळाच्या नियमांच्या बऱ्याच आवृत्त्या निघाल्या. १९७४ ला खोक्यात तीन बारकी पुस्तकं होती. १९७९ च्या पुस्तकात नुसत्या हातानं झोंबायचे वेगळे तक्ते आले. २००० साली तिसरी आवृत्ती, २००३ ला तिचीच डागडुजी, २००८ ला चौथी, २०१४ ला पाचवी, आणि २०२४ ला पाचवीची सुधारणा.

तिसऱ्या आवृत्तीतली कुस्ती त्या खेळाच्या जगात बदनाम आहे म्हणे. धरायला जवळ गेलास की समोरच्याला आधी फुकटचा एक वार. तो लागला तर तुझी पकड फसली. नाही लागला तर हात पोचला का, त्याचा फासा. पोचला तर दोघांनी फासे टाकून ताकद मोजायची, त्यात अंगापिंडाप्रमाणं चार-चार गुणांची भर नाहीतर वजाबाकी. मग पकड टिकवायला त्याच्या चौकोनात शिरायचं. एवढं होईपर्यंत बाकीची पोरं चहा करून येतात.

पाचव्या आवृत्तीत हे सगळं एका दमात आणलं. दोघांनी एकेक फासा टाकायचा. धरणाऱ्याचं बळ एकीकडं, धरलेल्याचं बळ नाहीतर चपळाई दुसरीकडं. धरला तर तो जागचा हलत नाही, संपलं. २०२४ ला आणखी सोपं केलं, आता धरणारा फासा टाकतच नाही. समोरच्यानंच टाकून निसटून दाखवायचं.

एक पोरगा म्हणत होता, जुनंच खरं, कारण खऱ्या झोंबाझोंबीतला प्रत्येक टप्पा त्यात आहे. दुसरा म्हणत होता, पुस्तक चाळायचं की खेळायचं? मला हसू आलं. हेच भांडण मी चाळीस वर्षांपूर्वी आमच्या तालमीच्या उंबऱ्यावर ऐकलंय. फक्त तिथं फासे नव्हते, लाल माती आणि मॅट होती.

आमच्याकडचा जुना नियम आठवा. दोन्ही खांदे मातीला लागले की चीत. एवढंच! हलगी वाजतेय, शड्डू घुमतोय, झाडावर पोरं चढून बसलीत, आणि ज्याला अक्षरओळख नाही त्या म्हातारीलाही कळतंय की कोण जिंकला. येळ्ळूरच्या चांगळेश्वरी यात्रेचं मैदान असो की बेळगावचा आनंदवाडी आखाडा, नियम समजावून सांगायची वेळ कुणावर आली नाही. बोट मोडायचं नाही, गळा दाबायचा नाही, हे वस्तादांनी पहिल्याच दिवशी कानफटात देऊन शिकवलेलं असायचं.

याच मातीनं आपल्या भागाला मोठं केलं. चिकोडीकडच्या एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे कोल्हापूरच्या तालमीत घडले आणि १९५९ साली दिल्लीत बंतासिंगला हरवून पहिले हिंदकेसरी झाले. शाहू महाराजांनी सुरू केलेलं खासबाग मैदान १९१२ ला पुरं झालं, तेव्हापासून आपल्या सीमाभागातली पोरं तिकडची वाट धरतात. रेषा नकाशावर पडली, मातीत पडली नाही.

म्हणून आमच्या पिढीतले बरेचजण म्हणतात, मॅट आली आणि कुस्तीचा हिशोब झाला. गुणफलक, घड्याळ, शिट्टी, लाल-निळा पोशाख. सामान्य माणसाला कळेना की जो खाली होता तो जिंकला कसा. मीही हेच म्हणत होतो. पण आता माझं मत थोडं बदललंय, ते मांडायलाच हे लिहितोय.

पहिली गोष्ट. मातीचा नियम छोटा होता, म्हणून पंच मोठा होता. हे आपण सोयीनं विसरतो. वजनी गट नाहीत, मग जोड कोण लावणार? पंच, नुसतं डोळ्यानं बघून. "हा त्याला भारी हाय" म्हणून एखाद्याला फडातून परत पाठवणार तेही पंच, आणि आपल्या गल्लीच्या पोराला हलका जोड देणारेही तेच. वेळेची मर्यादा नाही, मग तासभर खडाखडी चालली, अंधार पडायला लागला, तर कुस्ती बरोबरीत सोडवणारे पंच आणि इनाम निम्मं-निम्मं वाटणारेही पंच. पंच चांगला असला तर देवाचा न्याय. नसला तर? ज्याच्यामागं माणसं जास्त, त्याची कुस्ती.

पुतण्या म्हणाला, त्यांच्या खेळातही तसंच झालं. पहिल्या बारक्या पुस्तकांत बरंच काही सूत्रधारावर सोडलेलं होतं. सूत्रधार शहाणा असला की रात्र रंगली, हेकट असला की खेळ मोडला. म्हणून पुढच्या आवृत्त्यांत सगळं लिहून काढायचा नाद लागला. जिथं लेखी नियम कमी असतो, तिथं माणसाची सत्ता वाढते. हे ग्रामपंचायतीपासून भाऊबंदकीपर्यंत सगळीकडं खरं आहे.

दुसरी गोष्ट, आणि ही माझ्या मनाला लागलेली. नियम जास्त असणं हे दुखणं नाही. नियम खेळणाऱ्याच्या कानापर्यंत न पोचणं हे दुखणं.

तालमीत माझा एक जोडीदार होता. नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. आमच्या वयात त्याच्यासारखा एकलंगी भरणारा दुसरा नव्हता. ऐंशीच्या दशकात एका निवड चाचणीला आम्ही दोघं गेलो. तिथं आयुष्यात पहिल्यांदा मॅट बघितली. पाय घसरत होते, ते सोडा. त्यानं सलामी दिली आणि मातीत करतो तसं सुरू केलं. हात लावून बघणं, मान दाबून बघणं, समोरचा कुठं कच्चा आहे ते चाचपणं. मातीत या खडाखडीला दहा मिनिटं लागली तरी माणसं वाहवा करतात. इथं पंचांनी शिट्टी मारून काहीतरी इंग्रजीत म्हटलं. तो माझ्याकडं बघतोय, मी त्याच्याकडं बघतोय. पुन्हा शिट्टी, पुन्हा तोच शब्द. तिसऱ्या वेळी पंचांनी समोरच्याचा हात वर केला. एकही डाव न लागता, पाठीला एक कण न लागता, हा हरला.

"मी हारलो कुठं रे?" बसमध्ये तो येळ्ळूर फाट्यापर्यंत हेच विचारत होता. कुस्ती टाळल्याबद्दल ताकीद असते आणि तिसऱ्या ताकिदीला बाद करतात, हे आम्हाला सहा महिन्यांनी कुणाकडून तरी कळलं. तोपर्यंत त्यानं लांग खुंटीला अडकवली होती. पुढं उद्यमबागेत फाउंड्रीत लागला, चांगला संसार केला. पण त्यानंतर तो फडात उतरला नाही.

त्या दिवशी आमच्याशी कुणी वैर केलं नव्हतं. नियमांची कागदं कानडीत होती आणि इंग्रजीत होती. आम्ही मराठी शाळेतली पोरं, आणि आमच्या वस्तादांना तर कुठलीच लिपी नीट येत नव्हती. डाव त्यांना दोनशे यायचे. नियम एकच यायचा, चीत.

हे फक्त आमचंच झालं असंही नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ ला लंडनला गेले ते मातीतूनच. तिथं मॅट आणि तिथले नियम दोन्ही नवे, तरी सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक घेतलं, स्वतंत्र भारताचं वैयक्तिक खेळातलं पहिलं ऑलिंपिक पदक. तिथली एक गोष्ट आपल्याकडं नेहमी सांगितली जाते. जपानच्या इशीशी दमछाक करणारी कुस्ती झाली आणि लगेच त्यांना पुढच्या कुस्तीला बोलावलं. मध्ये विश्रांती मिळायचा नियम होता, पण तो दाखवून भांडायला आपल्या बाजूचा अधिकारी जवळ नव्हता. अंगात बळ होतं, डाव होते. कमी पडलं ते नियमाचं पान उघडून दाखवणारं माणूस.

आता कुणी म्हणेल, मग नियम सोपेच करा ना. पुस्तकच फाडा. पण सोपा नियम म्हणजे चांगला नियम, असंही नाही. याचा पुरावा मॅटनंच दिलाय.

२००५ ते २०१३ या काळात आंतरराष्ट्रीय कुस्तीत दोन-दोन मिनिटांचे डाव होते, तीनपैकी दोन जिंकायचे. डाव शून्य-शून्य सुटला तर काय? पिशवीतून रंगीत चेंडू काढायचा. ज्याच्या रंगाचा निघाला, त्यानं समोरच्याचा पाय आधीच धरायचा आणि मग शिट्टी. पाय हातात असल्यावर गुण कुणाला मिळणार, हे वेगळं सांगायला नको. नियम किती सोपा! पोरालाही कळेल. पण चार वर्षं घाम गाळलेल्या माणसाचं नशीब पिशवीतल्या चेंडूवर. आमच्या माडीवरच्या पोरांचे फासे याच्यापेक्षा बरे, निदान त्यात गड्याच्या ताकदीची भर तरी धरतात.

परिणाम काय झाला ते ठाऊक असेल. फेब्रुवारी २०१३ मध्ये ऑलिंपिक समितीच्या कार्यकारी मंडळानं २०२० च्या ऑलिंपिकमधून कुस्ती काढायची शिफारस केली. जगभर हल्लकल्लोळ झाला. कुस्ती महासंघाचे अध्यक्ष गेले, नवे आले आणि काही महिन्यांत नियम बदलले. तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, गुणांची सरळ बेरीज, पिशवी आणि चेंडू बंद. सप्टेंबर २०१३ ला कुस्ती परत घेतली. म्हणजे नियमाची नवी आवृत्ती नीट काढली म्हणून हजारो वर्षांचा खेळ ऑलिंपिकमध्ये टिकला.

आणि नियम पूर्ण लिहिले म्हणून भांडणं मिटतात, हेही खरं नाही. जानेवारी २०२३ ला पुण्यातल्या महाराष्ट्र केसरीत, तेही माती विभागात, महेंद्र गायकवाडनं सिकंदर शेखला मारलेल्या बाहेरच्या टांगेला चार गुण दिले. ते चार की दोन, यावर अख्खा महाराष्ट्र आठवडाभर भांडला. फेब्रुवारी २०२५ ला अहिल्यानगरला तर उलटं झालं. तिथं वाद गुणांचा नव्हता, आपल्या जुन्या एका नियमाचाच होता. शिवराज राक्षेचे खांदे टेकले की नाही? पंचांनी टेकले म्हटलं, राक्षेनं नाही म्हटलं, पुढं पंचांना लाथ मारण्यापर्यंत गेलं आणि बंदीची कारवाई झाली. म्हणजे बघा, पुस्तक जाड असो की एका ओळीचं, शेवटी नियम वाचणारा डोळा माणसाचाच असतो.

तरीही जाड पुस्तकाच्या बाजूनं एक गोष्ट सांगतो, कारण ती आम्ही जुनी माणसं कधी कबूल करत नाही. वजनी गट आले म्हणून पन्नास किलोच्या पोरालाही कुस्ती आपली वाटायला लागली. मातीत त्याला नारळाच्या कुस्तीपुढं कोण विचारत होतं? आणि मॅट आली म्हणून मुली आल्या. महिलांची कुस्ती २००४ ला ऑलिंपिकमध्ये गेली, २०१६ ला साक्षी मलिकनं कांस्य आणलं. आज आपल्या भागातल्या पोरी सरावाला जातात, त्यांचे बाप सायकलीवरून नाही तर स्कूटीवरून सोडायला जातात. आमच्या जुन्या फडात त्यांना कडेला उभं राहायलाही जागा नव्हती. तेव्हा 'सगळ्यांना कळणारा एकच नियम' म्हणताना, ते 'सगळे' कोण होते, हेही आठवावं.

याच वजनी गटानं २०२४ ला पॅरिसमध्ये विनेश फोगाटला अंतिम कुस्तीच्या सकाळी शंभर ग्रॅमसाठी बाद केलं, हेही आपण बघितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा वजन करायचा नियम लेखी होता, सगळ्यांना ठाऊक होता. क्रीडा लवादातही तो टिकला. लेखी नियमाला दयामाया नसते. पण तो बदलायची मागणी तरी करता येते, कारण तो कुठंतरी लिहिलेला असतो. पंचाच्या मनातला नियम बदलायला कुणाकडं जायचं?

मग माझं म्हणणं काय? नियम किती, हा प्रश्नच चुकीचा आहे. तीन प्रश्न विचारावेत. उतरण्याआधी तो खेळणाऱ्याला कळलाय का? तो खेळ पुढं ढकलतो की अडवतो? आणि तो बळ आणि बुद्धी मोजतो की नशीब आणि ओळख? फाशांच्या खेळातली तिसरी आवृत्ती दुसऱ्या प्रश्नाला नापास. मॅटवरची चेंडूची पिशवी तिसऱ्याला नापास. आमची माती पहिल्याला पैकीच्या पैकी, तिसऱ्याला मात्र जोड लावणाऱ्या पंचावर अवलंबून. आणि माझ्या जोडीदाराची ती चाचणी पहिल्याच प्रश्नाला नापास.

म्हणून यात्रा कमिट्यांना माझी हात जोडून विनंती. माती सोडू नका. हळद, ताक, लिंबू घालून मळलेली माती हे आपलं वैभव आहे. पण कुस्तीला वेळ बांधा आणि ती आधीच माईकवर सांगा. वेळ संपली तर निकाल कसा लावणार तेही सांगा. आणि प्रत्येक तालमीत मॅटच्या नियमांचं एक पान मराठीत भिंतीवर लावा. आपली पोरं यात्रेला मातीत उतरणार आणि निवडीला मॅटवर जाणार. दोन्हीकडचं माहीत नसेल तर एका ठिकाणी त्यांची फसगत ठरलेली.

हे सगळं मी त्या रात्री माडीवर बोललो. पोरांनी फासे बाजूला ठेवून ऐकलं. सकाळी उठून बघतो तर पुतण्यानं खरंच एक पान लिहिलेलं. तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, मध्ये तीस सेकंद विश्रांती. पाडून ताबा घेतला तर दोन गुण. उभ्यानं उचलून पाठीवर टाकलं तर चार, उचल मोठी असेल तर पाच. पाय रिंगणाबाहेर गेला तर समोरच्याला एक. दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती संपली. चीत केलं तर गुणफलक काहीही सांगू दे, कुस्ती तुझी. आणि शेवटी, नुसता टाळत राहिलास तर तीस सेकंदांची मुदत मिळेल, त्यात तुला गुण झाला नाही तर समोरच्याला एक.

पाडव्याला माझा तो जोडीदार फराळाला आला. पान पुढं केलं. चष्मा लावून त्यानं सगळं वाचलं. शेवटच्या ओळीवर बोट बराच वेळ तसंच राहिलं. मला वाटलं, आता जुनं काहीतरी बोलेल. नाही बोलला. लाडवाचा तुकडा तोंडात टाकला आणि पुतण्याला म्हणाला, "ही ओळ वर घे. पैली. आणि मोठ्या अक्षरात लिही, पोरं लांबून वाचत्यात."

तसं लिहिलंय. तालमीत आरशाशेजारी लावलंय. तुमच्या गावच्या फडात नियम न कळल्यानं कुणाची कुस्ती गेली असेल, तर तेही लिहा मंडळी. त्या पानात आणखी ओळींना जागा ठेवली आहे.